माळ्यावरच्या शर्यती : वाचकांचे प्रश्न

मोटार शर्यतींवर प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात लिहिलं होतं. इंदूर, देवास, महूकडून बरीच पत्रं आली. यंदा कोण जिंकणार, हे विचारणारी त्यांत दोनच. बाकी सगळी माळ्यावरून काढलेल्या सामानाबद्दल : बुटाच्या खोक्यातले फोटो, व्हिडिओ कॅसेटी, पिवळी पडलेली कात्रणं, हिशेब न जुळणाऱ्या वह्या. सारख्या प्रश्नांना एकत्र करून उत्तरं देतो आहोत.

आमच्या बाबांकडे शर्यतींच्या फोटोंचं एक खोकं आहे. काही मासिकांतून कापलेले, काही ग्रेटर नोएडाला जाऊन स्वतः काढलेले. एकावरही तारीख नाही. बाबा म्हणतात, वेटेलने स्टँडसमोर गाडी गरगर फिरवली तो फोटो २०११ चा. धाकटा भाऊ म्हणतो २०१३ चा. घरात रोज वाद. फोटोवरून वर्ष ओळखता येतं का?
— सुदामानगर, इंदूर

येतं, आणि तुमचा भाऊ बरोबर आहे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन तीनदाच झाली : ३० ऑक्टोबर २०११, २८ ऑक्टोबर २०१२ आणि २७ ऑक्टोबर २०१३. तिन्ही वेळा जिंकला सेबॅस्टियन वेटेल, तिन्ही वेळा रेड बुलमधून, आणि तिन्ही वेळा गाडीवर आकडा १. बाबांची गल्लत होणं अगदी साहजिक आहे. पण गाडी गरगर फिरवून, खाली उतरून तिला वाकून नमस्कार केला तो २०१३ मध्ये, कारण त्या दिवशी त्याचं सलग चौथं विजेतेपद नक्की झालं.

उरलेल्या फोटोंसाठी गाडीच्या नाकाकडे बघा. २०१२ मध्ये मॅक्लारेन आणि मारुसिया सोडून बहुतेक गाड्यांच्या नाकावर पायरीसारखा उंचवटा होता. २०११ मध्ये तो कुठेच नाही. रेड बुलच्या बाजूंवर ठळक जांभळा रंग दिसला तर २०१३. रुपेरी मर्सिडीजमध्ये लाल हेल्मेट असेल तर तो शूमाकर, म्हणजे २०११ किंवा २०१२. पिवळं असेल तर हॅमिल्टन, म्हणजे २०१३. एचआरटीची गाडी दिसली की २०१३ बाद, कारण तो संघ २०१२ अखेरीस बंद पडला. भारताचा नारायण कार्तिकेयन पहिली दोन वर्षं याच गाडीत होता.

मासिकांतल्या जुन्या कात्रणांना आधी टायर बघा. टायरवर उभ्या खाचा असतील तर वर्ष १९९८ ते २००८ मधलं. पुढच्या टायरवर तीनच खाचा असतील तर नेमकं १९९८, कारण पुढच्या वर्षी चार झाल्या. गुडइयर लिहिलं असेल तर १९९८ किंवा त्याआधीचं. पुढचा पंखा भलताच रुंद आणि मागचा अरुंद, उंच दिसला तर २००९ किंवा नंतरचं. ड्रायव्हरच्या डोक्यावर हॅलोची, म्हणजे डोकं वाचवणारी, कमान असेल तर २०१८ पासून पुढे. पिटमध्ये (शर्यतीत गाडी कामासाठी थांबते त्या जागी) पेट्रोलचा जाड पाइप खांद्यावर घेतलेला माणूस दिसला तर १९९४ ते २००९. (पेट्रोल १९८२-८३ मध्येही भरत, पण त्या गाड्यांचा आकारच इतका वेगळा की फसायला होत नाही.)

मग आकडा. १९९५ पर्यंत आकडे संघाला चिकटलेले असत, आणि आदल्या वर्षीचा विजेता ड्रायव्हर जिथे जाईल तिथे १ चा आकडा जाई. विजेता फॉर्म्युला वनच सोडून गेला तर त्याच्या संघाला ० मिळे. १९९३ आणि १९९४ मध्ये डेमन हिलच्या विल्यम्सवर ० आहे. ती छपाईची चूक समजून फोटो फेकू नका. १९९६ पासून आदल्या वर्षीच्या संघांच्या क्रमावरून आकडे लागले, आणि २०१४ पासून प्रत्येक ड्रायव्हर आपला आकडा स्वतः निवडतो.

बहुतेक खोक्यांत ब्राझीलचा ड्रायव्हर आयर्टन सेन्ना याचे फोटो निघतातच, म्हणून त्याचं थोडं सविस्तर. पिवळं हेल्मेट आणि काळी-सोनेरी लोटस म्हणजे १९८५ किंवा ८६. पिवळी लोटस म्हणजे १९८७. निळी-पांढरी विल्यम्स म्हणजे १९९४. मधली सहा वर्षं लाल-पांढरी मॅक्लारेन, तिथे आकडा बघायचा : १२ असेल तर १९८८, २७ असेल तर १९९०, ८ असेल तर १९९३. १ असेल तर १९८९, ९१ किंवा ९२, आणि तिथे जोडीदार शोधावा लागतो. आकडा २ च्या मॅक्लारेनमध्ये प्रॉस्ट असेल तर १९८९, बर्गर असेल तर १९९१ किंवा ९२.

डिजिटल फोटोंच्या तारखेवर डोळे मिटून विश्वास नको. कॅमेऱ्याची आतली बॅटरी संपली की घड्याळ परत १ जानेवारीवर जातं, आणि स्कॅन केलेल्या फोटोवर स्कॅनची तारीख पडते. ठरलेलं वर्ष फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने लिहा. गुळगुळीत पाठीच्या नव्या कागदावर पेन्सिल उमटत नाही. तिथे न फुटणाऱ्या शाईचं बारीक पेन वापरा आणि वाळेपर्यंत दुसरा फोटो वर ठेवू नका. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो.

सासऱ्यांनी नव्वदच्या दशकात केबलवरून रेकॉर्ड केलेल्या तीसेक कॅसेटी आहेत. व्हीसीआर आहे, चालतो. मुलगा म्हणतो, जेल रोडवरून एक यूएसबी डबी आणू आणि सगळं संगणकात घेऊ. इतकं सोपं आहे का?
— रामबाग, इंदूर

डबी जोडणं सोपं आहे. त्याआधीचं काम वेळखाऊ आहे, आणि नुकसान होतं ते तिथेच.

प्रत्येक कॅसेट उजेडात धरून खिडकीतून टेपच्या गुंडाळीची कड बघा. ती काळीभोर आणि गुळगुळीत दिसायला हवी. पांढुरके ठिपके, भुकटी किंवा कोळिष्टकासारखे धागे दिसले तर बुरशी आहे. आपल्याकडे चार महिने पावसाची ओल माळ्यावर मुरते, म्हणून तीसमधल्या पाच-सहा तरी अशा निघतील. त्या व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) चिकटते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटीवर जाते. अशा कॅसेटी वेगळ्या करून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर ठेवा. ओल गेली की बुरशी कोरडी पडते. नंतरची साफसफाई टेप उघडून पुसणाऱ्या जाणकाराकडूनच करून घ्या. घरी उघडायचीच झाली तर गॅलरीत, तोंडावर मास्क लावून.

चांगल्या कॅसेटींची मागची छोटी प्लास्टिकची टॅब मोडलेली आहे का बघा. नसेल तर मोडा. ती असताना रेकॉर्डचं बटण चुकून दाबलं गेलं तर सेन्नाच्या जागी निळा पडदा येतो. मग कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेले वेढे एकमेकांना चिकटतात. असं गुंडाळल्यावर ताण सारखा होतो.

व्हीसीआरचं हेड साफ करताना कापसाच्या काड्या वापरू नका. फिरत्या ड्रमच्या कडेला हेडचं नखाएवढंही नसलेलं टोक असतं. कापसाचा धागा त्यात अडकला की ते तुटतं आणि व्हीसीआर भंगारात. धागे न सुटणाऱ्या कापडावर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, कापड ड्रमला टेकवून स्थिर धरा आणि ड्रम हाताने हळू फिरवा. वर-खाली कधीच घासू नका.

शक्यतो ज्या व्हीसीआरवर रेकॉर्ड केलं त्याच्यावरच चालवा. टेप वाचवायला बरेच जण एलपीवर, म्हणजे टेप निम्म्या वेगाने चालवून, रेकॉर्ड करत. त्यात तीन तासांच्या ई-१८० वर सहा तास बसत, पण रेघा इतक्या दाट पडतात की दुसऱ्या मशीनवर चित्राच्या खालच्या भागात बर्फ, म्हणजे पांढरे ठिपके, दिसतो. ट्रॅकिंगचं बटण हळूहळू फिरवून कमीत कमी बर्फाची जागा शोधा आणि मगच रेकॉर्डिंग सुरू करा. इंजिनाच्या आवाजात गुरगुर किंवा करकर येत असेल तर व्हीसीआरचा आवाज हाय-फायवरून मोनोवर न्या. मोनोचा आवाज टेपच्या कडेवरच्या वेगळ्या पट्ट्यावर असतो आणि ट्रॅकिंग बिघडलं तरी टिकतो.

संगणकात घेताना आकार ७२० बाय ५७६, वेग सेकंदाला २५ फ्रेम, चित्राचं प्रमाण ४:३. पडदाभर ताणू नका, गाड्या लांबट आणि चाकं अंडाकृती होतात. डीव्ही पद्धतीत तासाला साधारण १३ जीबी लागतात. मूळ प्रत म्हणून तीच ठेवा. बघायची प्रत लहान केली तर चालेल, पण एक गोष्ट सांभाळा. जुन्या टीव्हीचं चित्र सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांचं असतं. प्रोग्रॅममध्ये डीइंटरलेसला (अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करण्याला) ५० फ्रेम निवडलं तर गाडी सरकताना सलग दिसते. २५ निवडलं तर ती धक्क्याधक्क्याने पळते. बातम्यांच्या टेपला फरक कळणार नाही, शर्यतीच्या टेपला पहिल्याच वळणावर कळतो.

दोन तासांची शर्यत घ्यायला दोन तासच लागतात, घाई करता येत नाही. अर्ध्या तासानंतर आवाज आणि चित्र यांत अंतर पडत असेल तर डबी खराब फ्रेम गाळते आहे. टेपवरचा सिग्नल तुटला की स्वस्त डब्या असंच करतात. मध्ये एखादा जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडला आणि सिग्नल त्यातून नेला तर बहुतेक वेळा हे थांबतं. फाइल झाल्यावर नाव लगेच द्या : वर्ष, देश, कॅसेटीचा नंबर. आणि एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवा.

वरच्यासारखंच काम आम्ही केलं. एका कॅसेटीवर अमेरिकेची शर्यत आहे, पण सुरुवातीला सहाच गाड्या दिसतात. मधला भाग पुसला गेला असेल का? नारायण त्यात चौथा आलेला दाखवतात, तेही खरं वाटत नाही.
— देवास

टेप शाबूत आहे. ती १९ जून २००५ ची इंडियानापोलिसची शर्यत, आणि सुरुवातीच्या जागी उभ्या राहिल्या त्या गाड्या खरंच सहा.

त्या ट्रॅकचं शेवटचं मोठं वळण तिरकं उचललेलं आहे आणि गाडी तिथे पूर्ण वेगात असते. टायरच्या बाजूच्या भिंतीवर तिथे जो भार येतो, तो मिशेलिनच्या त्या टायरांना पेलत नव्हता; शुक्रवारच्या सरावात राल्फ शूमाकरची गाडी तिथेच भिंतीवर आदळली. त्या वर्षी नियम असा की पात्रता फेरी आणि शर्यत एकाच टायरसंचावर, म्हणून मधे टायर बदलून निभावणंही शक्य नव्हतं. मिशेलिनच्या चौदा गाड्या सुरुवातीपूर्वीच्या फेरीनंतर थेट पिटमध्ये वळल्या. उरल्या ब्रिजस्टोनच्या सहा : दोन फेरारी, दोन जॉर्डन, दोन मिनार्डी. शूमाकर, बारिकेलो, माँतेरो, कार्तिकेयन असा निकाल लागला. चौथ्या जागेचे ५ गुण त्याला मिळाले, आणि फॉर्म्युला वनमधले त्याचे गुण तेवढेच. नशिबाने मिळाले म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या. ७३ फेऱ्यांच्या शर्यतीत शेवटपर्यंत गाडी चालवावी लागतेच.

कॅसेट पुसू नका. सुरुवातीच्या वेळी प्रेक्षकांतून येणारा आवाज पुन्हा ऐका.

माझ्या वहीत १९८८ सालचे सगळे निकाल मी स्वतः लिहिलेत. बेरीज केली तर प्रॉस्टचे १०५ आणि सेन्नाचे ९४ होतात. विजेता मात्र सेन्ना. पस्तीस वर्षं मला वाटतं आहे की माझ्या वहीत चूक आहे.
— राजेंद्रनगर, इंदूर

वहीत चूक नाही. त्या वर्षी १६ शर्यती होत्या, पण प्रत्येकाचे सगळ्यात चांगले ११ निकालच धरत.

गुण होते ९, ६, ४, ३, २, १. प्रॉस्ट ७ वेळा पहिला, ७ वेळा दुसरा, आणि दोनदा शर्यत पुरी झाली नाही. म्हणजे ६३ अधिक ४२, तुमचे १०५. त्यातून ११ निवडले तर सात विजय आणि चारच दुसऱ्या जागा : ६३ अधिक २४, म्हणजे ८७. तीन दुसऱ्या जागांचे १८ गुण वाया. सेन्ना ८ वेळा पहिला, ३ वेळा दुसरा, एकदा चौथा, एकदा सहावा. एकूण ९४. त्यातले ११ निवडले तर आठ विजय आणि तीन दुसऱ्या जागा, ७२ अधिक १८, म्हणजे ९०. चौथ्या-सहाव्याचे ४ गुण गळले. ९० विरुद्ध ८७.

ही पद्धत १९९० नंतर गेली. वहीतल्या इतर वर्षांची बेरीज करताना पहिल्या क्रमांकाचे गुण तपासा : १९६१ पासून ९, १९९१ पासून १०, २०१० पासून २५. २००३ मध्ये विजेत्याला १० च राहिले, पण दुसऱ्याचे ६ वरून ८ झाले आणि गुण आठव्या क्रमांकापर्यंत पोचले. २०१९ ते २०२४ मध्ये सर्वात जलद फेरीला एक गुण होता, तोही ड्रायव्हर पहिल्या दहांत असेल तरच. हा एक गुण लिहायचा राहिला की वही जुळत नाही.

मला टीव्हीवर किंवा सर्किटवर बसून हाताने फेरीतक्ता (दर फेरीला कोणती गाडी कितवी, याचा तक्ता) भरायचा आहे. मोबाइलवर सगळं मिळतं, माहीत आहे. तरी.
— विजयनगर, इंदूर

"तरी" हे कारण पुरेसं आहे. मोबाइलवरचा आकडा पुढच्या फेरीला पुसला जातो; तक्त्यावर शर्यत कुठे फिरली ते वीस वर्षांनीही बोट ठेवून दाखवता येतं.

आडवा धरलेला मोठा कागद घ्या. डावीकडे वरून खाली जागा : १, २, ३, जितक्या गाड्या तितक्या ओळी. वरच्या बाजूला फेऱ्यांचे उभे रकाने, एका कागदावर वीस. बुद्ध सर्किटच्या ६० फेऱ्यांना तीन कागद. पेन्सिल एचबी, खोडरबर दोरीने पाटीला बांधलेलं. दोन माणसं हवीत : एक फक्त आकडे बोलणारा, एक खाली मान घालून लिहिणारा. लिहिणाऱ्याने ट्रॅककडे बघायचं नाही. सगळ्यात अवघड नियम हाच.

पहिली फेरी लिहिता येत नाही. विसेक गाड्या काही सेकंदांत समोरून जातात. तेव्हा मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून आकडे नुसते बोला आणि फेरी दोन चालू असताना ऐकून रकाना भरा. तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून अंतरं पडतात आणि हाताला वेळ मिळतो.

तक्ता बिघडतो तो पुढच्या गाडीने एक पूर्ण फेरी जास्त करून मागच्याला पुन्हा गाठल्यावर. नियम एकच : प्रत्येक गाडीचा आकडा तिच्या स्वतःच्या फेरीच्या रकान्यात. पुढचा २१ व्या रकान्यात असेल आणि गाठली गेलेली १५ नंबरची गाडी त्याच्या पाठोपाठ रेषा ओलांडत असेल, तर १५ जाईल २० व्या रकान्यात, तळाला. एका रकान्यात एक आकडा दोनदा आला की समजा, मागच्या मिनिटभरात चूक झाली. फेरीची रेषा पिटच्या गल्लीतूनही जाते, म्हणून पिटमधून जाणाऱ्या गाडीलाही लिहायचं, आकड्याभोवती गोल करून. गोल केलेला आकडा पुढच्या रकान्यात चार-सहा ओळी खाली सापडतो. न सापडला तर गाडी आत उभी आहे, तिथून पुढे आडवी रेघ.

एका संघाच्या दोन गाड्या लांबून जुळ्या दिसतात. फॉर्म्युला वनमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यामागे टी आकाराचा कॅमेरा असतो. एका गाडीचा काळा, दुसरीचा भडक पिवळा. आकड्याच्या आधी तो दिसतो.

स्टॉपवॉच वापरणार असाल तर खूण पक्की धरा, उदाहरणार्थ एखादा खांब, आणि दोन्ही वेळा गाडीचं नाक त्या खांबाला टेकल्यावर दाबा. दोन्ही वेळचा उशीर सारखा असला की तो कटतो. एकदा अंदाजाने आधी दाबलं आणि एकदा बघून, तर पाव सेकंद सहज चुकतो. वेग काढायला ३६०० गुणिले किलोमीटर भागिले सेकंद. बुद्धची एक फेरी ५.१२५ किलोमीटर, वेटेलची २०११ ची विक्रमी फेरी १ मिनिट २७.२४९ सेकंद, म्हणजे ८७.२४९. उत्तर येतं ताशी २११.४६ किलोमीटर. आपल्या घड्याळाने २५० च्या वर काही आलं तर आधी स्वतःवर शंका घ्या.

तिकिटं, पार्किंगच्या पावत्या, कात्रणं यांना लॅमिनेशन करून घ्यावं का?
— लोकमान्यनगर, इंदूर

नको. विशेषतः पावत्या नकोत. मशीनमधून येणारी गुळगुळीत पावती उष्णतेने छापली जाते. लॅमिनेशनच्या गरम रोलमधून गेली की अख्खा कागद काळा होऊन बाहेर येतो आणि तो परत पांढरा होत नाही. अशा पावतीचा आजच फोटो घ्या किंवा झेरॉक्स काढा. मूळ पावती साध्या कागदाच्या पाकिटात, अंधारात ठेवा. मऊ प्लास्टिकच्या खिशात आणि सेलोटेपखाली तिची अक्षरं काही महिन्यांत फिकी पडतात.

वर्तमानपत्राचा कागद आम्लामुळे आपोआप पिवळा आणि ठिसूळ होतो. त्याला वहीत डिंकाने चिकटवू नका. आम्लविरहित कागदाची घडी करून आत सुटं ठेवा. घडीवरच तो फाटतो, म्हणून मोठी पानं सपाट, जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये. डांबराच्या गोळ्या नकोत. झुरळांसाठी खोकं बंद ठेवलं आणि वर्षातून दोनदा उघडून पाहिलं तरी पुरतं.

होळकरांची केशरी-काळी गाडी शर्यतीची होती, असं लहानपणापासून ऐकतो.
— महू

महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांची ती ड्यूसेनबर्ग एसजे, गर्नी नटिंगने बांधलेल्या बॉडीची. ती रस्त्यावरचीच गाडी, शर्यतीसाठी बांधलेली नाही. ऐकीव गोष्टीत थोडं तथ्य मात्र आहे, कारण कंपनी शर्यतींतूनच वर आली होती. १९२१ मध्ये ले माँ इथे झालेली फ्रेंच ग्रां प्री जिमी मर्फीने ड्यूसेनबर्गमध्ये जिंकली, आणि १९२४, १९२५, १९२७ ची इंडियानापोलिस ५०० याच कंपनीच्या गाड्यांनी. एसजेच्या ६.९ लिटरच्या, एका ओळीतल्या आठ सिलिंडरांच्या इंजिनाला सुपरचार्जर होता. कंपनी ३२० अश्वशक्ती सांगे. त्यांच्या माणिकबाग राजवाड्याच्या फाटकातून बाहेर पडायला एवढी कशाला लागत होती, हा प्रश्न वेगळा.

घराजवळ पीथमपूरला एवढा मोठा ट्रॅक आहे, तिथे शर्यत बघायला मिळेल का? नाहीतर सहा वर्षांच्या नातवाला चेन्नईला नेणार आहे. त्याच्या कानांची काळजी वाटते.
— अन्नपूर्णा रोड, इंदूर

पीथमपूरचा नॅट्रॅक्स हा गाड्या तपासण्याचा ट्रॅक आहे. २०२१ मध्ये सुरू झालेली त्याची अंडाकृती धाव ११.३ किलोमीटरची, चार पदरी. तिथे प्रेक्षकांसाठी स्टँड नाहीत आणि परवानगीशिवाय आत सोडत नाहीत. शिवाय एवढ्या लांब अंडाकृती ट्रॅकवर तुम्ही एका जागी उभे राहिलात तर गाडी क्षणभर दिसते आणि मग बराच वेळ नुसती धावपट्टी. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, वळणांचा. एका स्टँडवरून बराच भाग दिसतो. मुलासाठी तोच बरा. जागा मुख्य सरळ रस्त्यावर न घेता एखाद्या मंद वळणाजवळ घ्या. गाड्या जास्त वेळ दिसतात आणि आवाजही कमी लागतो.

कानांचं गणित असं : ८५ डेसिबल आठ तास चालतात, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी. १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. शर्यतीच्या स्टँडवर ही मर्यादा पहिल्या काही फेऱ्यांतच संपते, म्हणून नातवाला कानांवर बसणारे लहान मापाचे इअरमफ घ्या, स्पंजच्या गोळ्या नको. लहान कानात त्या नीट बसत नाहीत आणि मूल त्या काढून खिशात घालतं. इअरमफ घरीच दोन-तीन दिवस टीव्ही बघताना लावायची सवय करा. चष्मा असेल तर काडीखालून फट राहते ते तपासा, आणि टोपी इअरमफच्या वरून घाला, खालून नको.

तुम्ही स्वतः स्पंजच्या गोळ्या वापरणार असाल तर बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, गोळी आत सरकवा आणि बोटाने अर्धा मिनिट दाबून धरा, म्हणजे ती आतच फुगते. बाहेरून बघताना गोळीचा अर्ध्याहून जास्त भाग दिसत असेल तर ती बसलेली नाही. काढून पुन्हा वळा. हात आधी धुवा, नाहीतर ब्रेकची धूळ आणि भज्यांचं तेल थेट कानात जातं.